पुढचा भाग उद्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत खोडाळा इथे केलेलं भाषण. सभेनंतर बऱ्याच जणींनी मागितलं म्हणून लिहून काढलं. मधेमधे ज्या ताई-मावशी बोलल्या त्यांचं बोलणंही ठेवलं आहे. ते काढलं तर भाषण अर्धंच उरतं.)



अध्यक्ष ताई, सचिव ताई, कोषाध्यक्ष ताई आणि पाड्यापाड्यांवरून चालत, जीपला लटकत आलेल्या सगळ्या ताई, मावशी, आज्यांनो. विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मोबाईलचा योग्य वापर’ असं लिहिलंय. तो विषय मी थोडा बदलते. योग्य वापर शिकवण्याचा अधिकार मला नाही, ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेलच.

मी मालिकेवर बोलणार आहे. एका रात्रीत सगळे भाग बघून संपवायचे, की एकेक करून, थांबत थांबत बघायचे? तुम्ही म्हणाल, हा काय सभेत बोलायचा विषय झाला? मलाही आधी तसंच वाटायचं.

आषाढातली गोष्ट आहे. आवण्या चालू होत्या, दिवसभर पाऊस, आणि मी इथे खोडाळ्यात माझ्या भाड्याच्या खोलीत एकटी. त्या दिवशी रेंज कशी काय चांगली होती देव जाणे. ‘पंचायत’ नावाची एक हिंदी सिरीज आहे, प्राइम व्हिडिओवर २०२० मध्ये आलेली. उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या गावात शहरातला एक मुलगा ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून येतो, त्याची गोष्ट. पहिल्या सीझनचे आठ भाग. कॉलेजातल्या मैत्रिणींनी कधीचं सांगितलं होतं, बघ म्हणून. रात्री दहाला भाकरी खाऊन झाल्यावर म्हटलं, एक भाग बघू नि झोपू.

पहाटे चारला झोपले. पहिला सीझन संपवला, आणि दुसऱ्याचेही दोन भाग बघून टाकले.

सकाळी एका ग्रामसंघाची बैठक होती. तिथल्या लिपिका ताई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, म्हणून वसुलीच्या नोंदी मी करत होते. समोर वही होती आणि डोळे मिटत होते. दोन ताई अशा की आडनाव एक, पहिलं नावही जवळजवळ सारखं. एकीने दिलेला १५०० रुपयांचा हप्ता मी दुसरीच्या पानावर लिहिला. बेरीज बरोबर आली, पैसे बरोबर आले, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या महिन्यात थकबाकीची यादी वाचली, तेव्हा जिने पैसे भरले होते तिचंच नाव त्यात निघालं. तिने सांगितलं, मी भरलेत. कोणी ऐकलं नाही, कारण वहीत नव्हतं, आणि वही मॅडमच्या हातची होती. त्यानंतर ती दोन बैठकांना आलीच नाही.

पुढे तिच्या पेटीत पावती सापडली. पावतीवरही माझीच सही. मी तिच्या घरी गेले. तिने कोरा चहा दिला आणि म्हणाली, “ताई, पैशाचं जाऊ दे. कोंबड्या विकून हप्ता भरलेला, आणि चार बायांत खाली बघावं लागलं.”

मी एमएसडब्ल्यू झाले आहे. दोन वर्षं कॉलेजात हेच शिकले, की समूहात बाईची पत हीच तिची ठेव असते. तीच मी झोपेच्या डोळ्यांनी घालवली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर चूक कबूल केली, नोंद दुरुस्त केली, खाली सही केली. एका मावशीने विचारलं, “पण असं झालं कसं? तू तर कधी चुकत नाहीस.” मी खरं ते सांगितलं, की रात्रभर सिरीज बघत बसले होते. दोन मिनिटं सगळ्या गप्प. मग त्याच मावशी म्हणाल्या, “एवढं काय होतं गं त्यात?”

त्या प्रश्नातून पुढे काय झालं ते सांगते. पण आधी हे सांगू द्या, की मला त्या रात्री थांबता का आलं नाही. मी काही आळशी नाही, बेफिकीरही नाही. (हसू नका.) नंतर खूप विचार केला त्यावर.

टीव्हीवरची मालिका बघा. साडेसातची आठला संपते. शेवटी कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, ढोल वाजतात, चेहरा तीनदा दाखवतात, आणि बंद. पुढचं बघायचं म्हटलं तरी नाही बघता येत. उद्यापर्यंत थांबायलाच लागतं. म्हणजे थांबायला तुम्हाला काहीच करावं लागत नाही. मोबाईलवर बरोबर उलटं. भाग संपला की कोपऱ्यात आकडे उलटे मोजत येतात, पाच, चार, तीन, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो. इथे बघत राहायला काही करावं लागत नाही, थांबायचं असेल तर मात्र उठून बटण दाबावं लागतं. रात्री एक वाजता, गोधडीच्या आत, कोण दाबतंय? त्यात भाग तोडतातही नेमका गाठ बसलेली असते तिथे. गाठ सुटत नाही तोवर झोप लागत नाही, आणि सुटली की लगेच पुढची बसलेली असते.

हे कोणाच्या चुकून झालेलं नाही. नेटफ्लिक्स नावाची कंपनी आहे, तिने १ फेब्रुवारी २०१३ ला ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ नावाच्या मालिकेचे पहिले १३ भाग एकाच दिवशी खुले केले. त्याआधी बहुतेक मालिका आठवड्याला एक अशाच यायच्या. त्याच कंपनीचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये उघड बोलले होते, की आमची स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे. म्हणजे त्या रात्री खोडाळ्यात माझी झोप आणि त्यांचा धंदा अशी कुस्ती चालली होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आमची आजी वाड्याजवळच्या गावात राहते. ती रामायणाच्या दिवसांबद्दल सांगते. गावात एकच टीव्ही, वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. रविवारी सकाळी अंगण सारवून, अंघोळी करून बाया बसायच्या. रामानंद सागर यांचं रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. आठवड्याला एक भाग, दीड वर्ष. आजी म्हणते, सीतेला पळवून नेली त्या आठवड्यात विहिरीवर दुसरा विषय नव्हता. गोष्ट सगळ्यांना माहीत, लहानपणापासून ऐकलेली, तरी बाया आठवडाभर भांडत होत्या, की लक्ष्मणाने तिला सोडून जायला पाहिजे होतं की नव्हतं.

तेच रामायण लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत दाखवलं. २८ मार्च २०२० पासून, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. १८ एप्रिलला संपलंसुद्धा. जे आजीला दीड वर्ष पुरलं ते २२ दिवसांत उरकलं. मी तेव्हा घरीच होते, आजीच्या शेजारी बसून बघितलं. तिला आवडलं, पण चौथ्या दिवशी म्हणाली, “ह्यांना कसली घाई झालीय? रडायला पण वेळ देत नाहीत.”

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की गोष्ट पडद्यावर अर्धीच घडते. उरलेली अर्धी दोन भागांच्या मधल्या दिवसांत घडते. विहिरीवर, आवणीत, जीपमध्ये. मधले दिवसच काढून टाकले तर गोष्ट पोटात जाते पण अंगी लागत नाही.

याचा अभ्यासही झालेला आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात काही वर्षांपूर्वी ५१ विद्यार्थ्यांना एक सहा भागांची हेरगिरीची मालिका दाखवली. ५१ म्हणजे आपले साधारण पाच समूह. त्यांचे तीन गट केले. एका गटाने सहाही भाग एका बैठकीत बघितले, दुसऱ्याने रोज एक, तिसऱ्याने आठवड्याला एक. मग त्यांना प्रश्न विचारले. संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आठवत होतं ते एका दमात बघणाऱ्यांना. पण १४० दिवसांनी विचारलं तेव्हा सगळ्यात जास्त विसरलेले पण तेच होते. आठवड्याला एक बघणाऱ्यांना पहिल्या दिवशी थोडं कमी आठवत होतं, पण जे आठवत होतं ते बरंचसं टिकलं. आणि मालिका कशी वाटली असं विचारलं, तर एका दमात बघणाऱ्यांना ती इतरांपेक्षा कमी आवडली होती. पाच समूहांएवढ्या मुलांवरून सगळं जग ठरवता येत नाही, ते मला कळतं. पण माझ्या बाबतीत तंतोतंत खरं निघालं, ते पुढे येईल.

(इथे मी सभेला विचारलं, गेल्या सोमवारी तुमच्या मालिकेत काय झालं? एकाच वेळी वीस जणी बोलायला लागल्या. कोणी कोणाला काय बोललं, साडी कुठली होती, सगळं पाठ.)

बघा! तुम्ही रोज अर्धा अर्धा तास बघता आणि तुम्हाला साडीचा रंग आठवतो.

तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, “पण ताई, आमची मालिका संपतच नाही त्याचं काय?” अगदी बरोबर आहे काकू. ‘चार दिवस साsसूचे’ आठवते का? नाव चार दिवसांचं, आणि भाग तीन हजारांच्या वर झाले, २००१ पासून २०१३ च्या सुरुवातीपर्यंत. तेवढ्या काळात सुनेची सासू झाली असेल. आणि अर्धा तास हा फसवा आकडा असतो. संध्याकाळी सात ते साडेनऊ पाच मालिका धरल्या तर रोजचे अडीच तास होतात. एकेका मालिकेने हप्ता लहानच मागितला, पण पाच सावकारांचे पाच लहान हप्ते मिळून काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी असं म्हणणार नाही, की टीव्ही चांगला आणि मोबाईल वाईट. टीव्हीचं मला एवढंच बरं वाटतं, की आजचं किती ते आधीच ठरलेलं असतं, आणि घरालाही ते माहीत असतं. साडेसात ते आठ आईला हाक मारायची नाही, हे आमच्या पाड्यावरच्या पोरांना शाळेच्या पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ आहे.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाही, ती इथे बोलतेच. बायका मालिका बघून बिघडल्या असं काही जण म्हणतात, आणि तेच रात्री बारापर्यंत क्रिकेट बघतात. चैत्रात आपण पहाटे चारला हंडा घेऊन निघतो. मध्य वैतरणा धरण आपल्याच मोखाडा तालुक्यात आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि आपण झऱ्याला वाटीने भरतो. पाणी तिकडे जातं, तिकडून मालिका इकडे येतात, एवढाच काय तो व्यवहार. दिवसाच्या शेवटी अर्धा तास कोणी पाय पसरून स्वतःसाठी बसत असेल, तर त्या अर्ध्या तासाचा हिशोब मी मागणार नाही. समूहानेही मागू नये.

गेल्या वर्षी भट्टीवर गेलेल्या एका ताईंनी मला सांगितलेलं सांगते. दिवाळीनंतर भिवंडीला गेल्या, विटा पाडायला. पहाटे दोन-तीनला उठायचं, चिखल, थापणी. आधीच्या वर्षांत त्यांची मालिका दिवाळीला सुटायची ती पावसाच्या तोंडावर परत सुरू व्हायची. मग बहीण सगळी गोष्ट सांगायची, भात पेरेपर्यंत पुरायची. म्हणायच्या, बहीण सांगते ती मालिका टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा चांगली, कारण ती नको ते गाळते. गेल्या वर्षी त्यांच्याकडे मोबाईल होता. भट्टीवर रात्री झोपडीत सगळे भाग बघितले. घरी आल्यावर बहीण सांगायला बसली तर ह्यांना सगळं आधीच माहीत. “मला चुकल्यासारखं झालं,” म्हणाल्या. पण लगेच पुढे हेही म्हणाल्या, की भट्टीवर त्या मोबाईलशिवाय रात्र निघत नव्हती. दोन्ही खरं आहे. मी त्यांना काय सांगणार होते?

आता पैशाचा भाग, तो नीट ऐका, कारण यात दोन समूहांची बचत अडकलेली मी बघितलीय. हल्ली मोबाईलवर एक-दोन मिनिटांच्या उभ्या मालिका येतात. नवरा गरीब असतो आणि शेवटी करोडपती निघतो, असल्या. पहिले काही भाग फुकट. मग कुलूप. पुढचं बघायचं तर १ रुपया किंवा २ रुपये भरा. माणूस म्हणतो, २ रुपयेच तर आहेत. पिन टाकला की तुम्ही २ रुपये भरता, आणि त्याचबरोबर पुढे दर महिन्याला पैसे कापायची परवानगीही देता. त्याला ऑटोपे म्हणतात. एकदा परवानगी दिली की पुढच्या वेळी पिन मागत नाहीत. एका ताईंच्या खात्यातून तीन महिने असे पैसे गेले. बचतीच्या दिवशी खात्यात काही नाही, आणि घरच्यांना वाटलं हिनेच कोणाला तरी दिले. तिथेही बाईलाच खाली बघायला लागलं.

म्हणून आज घरी जाण्याआधी हे करायचं. ज्या ॲपने पैसे पाठवता, ते उघडायचं, आपल्या नावाच्या चित्रावर दाबायचं, त्यात ‘ऑटोपे’ शोधायचं. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते. जी ओळखीची नाही ती रद्द करायची. नुसतं मालिकेचं ॲप मोबाईलमधून काढून टाकलं म्हणजे परवानगी रद्द होत नाही, हे लक्षात ठेवा. पैसे कापायच्या आदल्या दिवशी तसा मेसेज येतो, तो इंग्रजीत असला तरी पुसू नका, बँक सखीला दाखवा. सभा संपल्यावर मी आणि बँक सखी ताई दारापाशी बसतोय, जिला जमत नाही तिने मोबाईल घेऊन यावं. आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो ते पण बंद करता येतं, सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ असतं. मी बंद केलंय. त्याशिवाय मी अजून एक शिकले, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. भाग संपल्यावर थांबायचं नाही, मधेच थांबायचं. गाठ शेवटी असते ना, मग गाठ बसायच्या आधीच उठायचं. विचित्र वाटतं, पण झोप लागते.

आता त्या मावशींच्या प्रश्नाकडे येते. एवढं काय होतं त्यात?

त्यांच्या पाड्यावर एका ताईंच्या मुलाने मोबाईल टीव्हीला जोडून दिला, आणि बायांनी ठरवलं, मंगळवारची साप्ताहिक बैठक झाली, बचत झाली, वही लिहून झाली, की ‘पंचायत’चा एक भाग बघायचा. एकच. जास्त नाही, कारण नंतर स्वयंपाक असतो. गणपतीच्या सुमारास सुरू केलं. सात आठवडे झाले आणि पाचच भाग सुरू झालेत, कारण एकदा पाऊस, एकदा एकीच्या घरी मयत. मी दोनदा होते बरोबर.

आणि तेव्हा मला कळलं, की मी रात्रभर काय बघितलंच नव्हतं.

त्या गोष्टीत गावची प्रधान बाई आहे, मंजू देवी. नीना गुप्तांनी ते काम केलंय. निवडून ती आली आहे, पण कारभार नवरा करतो, लोक प्रधान म्हणून त्यालाच हाक मारतात, ती चुलीपाशी. मी त्या रात्री यावर हसले होते आणि पुढच्या भागावर गेले होते, आकडे मोजत होतेच कोपऱ्यात. इथे पहिला भाग संपला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “प्रधान बाई आहे ना? मग बाई कुठाय?” आणि टीव्ही बंद. आठवडाभर तो प्रश्न पाड्यावर फिरत राहिला. निंदणीत फिरला, दळणाला फिरला. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, हे मी प्रशिक्षणात किती वेळा फळ्यावर लिहिलंय! कधी एवढी चर्चा झाली नाही.

त्या समूहात एक ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. दुसऱ्या मंगळवारी त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या मंगळवारी भाग चाकाच्या खुर्चीवरचा होता, सचिवाने आणलेल्या फिरत्या खुर्चीवरून लग्नात भांडण होतं तो. सगळ्या हसत होत्या, आणि ह्या ताई एकदम म्हणाल्या, “मी माझ्या खुर्चीवर एकदाच बसलेय. शपथेच्या दिवशी.” सहीचं रजिस्टर त्यांच्या घरी यायचं, त्या चुलीपाशीच सही करायच्या. पुढच्या मासिक सभेला त्या स्वतः गेल्या. दोन मैत्रिणी बाहेर उभ्या राहिल्या सोबतीला. खुर्ची काही मिळाली नाही, बाकावर बसल्या. हातपंप बंद पडल्याचं बोलल्या, लिहून घ्यायला लावलं. हातपंप अजून बंदच आहे. पण आता रजिस्टर घरी येत नाही.

हे ऐकून सभेतल्या एका आजी उठल्या. “ते सगळं खरं,” म्हणाल्या, “पण आमचा बोहाडा तर रातभर चालतो, त्याचं काय? तो एकेक सोंग आठवड्याला काढायचा काय?”

आजी, तुम्ही मला अडकवलंत. मी याच्यावर दोन दिवस विचार करतेय. बोहाड्याला आपण रात्रभर जागतो. गणपती येतो, सारजा येते, एकामागून एक सोंगं, संबळ वाजत असतो, आणि पहाटेला देवी आणि म्हैसासुर. ती पण एका रात्रीत सगळं बघायचीच गोष्ट आहे. मला सुचलं ते असं. बोहाड्याला सगळा गाव जागतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव झोपतो. शेतात काम नसतं तेव्हाच तो येतो. उजाडलं की संपतो, कोपऱ्यात आकडे मोजत परत सुरू होत नाही. आणि सोंग नाचून पुढे जातं तोवर शेजारणीशी बोलायला वेळ मिळतो. माझ्या त्या रात्री शेजारी कोणी नव्हतं. सकाळी नऊला बैठक होती आणि तिथे फक्त मी एकटीच जागरण केलेली होते. जागरण वाईट असतं असं मी म्हणतच नाही. कोणाबरोबर, कशासाठी, आणि दुसऱ्या दिवशी हातात कोणाची वही आहे, ते बघायला पाहिजे होतं मी.

आता सध्याची अडचण सांगते आणि थांबते. त्या पाड्यावर पाचव्या भागात पंचायतीतला कॉम्प्युटरचा मॉनिटर चोरीला जातो. गेल्या मंगळवारी भाग मध्यावर आला आणि वीज गेली. रात्री साडेआठला मावशींचा मला फोन. “तू सगळं बघितलंय ना? मग सांग, मॉनिटर चोरला कोणी?”

मी आठवायला लागले. आषाढात बघितलेलं, आता आश्विन. मला मंजू देवी आठवली, खुर्ची आठवली, चोर काही आठवेना. मावशींना वाटलं मी मुद्दाम लपवतेय. शेवटी म्हणाल्या, “रातभर बघून काय केलंस मग?”

आणि खरी अडचण ती नाहीच. दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय. त्या समूहातल्या निम्म्या जणी दिवाळीनंतर भट्टीवर जाणार, भिवंडीला, वसईला. साडेतीन भाग उरलेत. आठवड्याला एक धरला तर संपत नाहीत. एकीचं म्हणणं, जाणाऱ्यांनी आपापल्या मोबाईलवर बघावं. दुसरीचं, होळीपर्यंत थांबायचं, कोणीच बघायचं नाही. सदस्य ताईंचं म्हणणं, मला शेवट आत्ता पाहिजे, मला पुढच्या सभेला जायचंय. बरीच भांडाभांडी झाली, आणि काल फोनवर निरोप आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री सगळ्या एकत्र बसणार, उरलेले साडेतीन भाग एका दमात बघणार, मधे चहा आणि बोलायला सुट्टी ठेवून. पोरांना आजीकडे ठेवणार. दुसऱ्या दिवशी कोणाचीही बैठक लावायची नाही, असं मला बजावलंय.

मीही जाणार आहे. मॉनिटर कोणी चोरला ते मलाही बघायचंय. दुसऱ्या दिवसाच्या वह्या मी आदल्या दिवशीच लिहून ठेवणार आहे, आणि त्या ताई, ज्यांची नोंद मी चुकवली, त्या म्हणाल्यात की एकदा मी तपासून बघेन.

चला, बँक सखी ताई दारापाशी बसल्यात. मोबाईल काढा.